‘लेट यू गो’चा अर्थ

४ फेब्रुवारी

ती. आत्यास,

साष्टांग नमस्कार, पण उभ्याउभ्याच, कारण आज मला खाली बसवत नाहीये!

मी एकटीनं दुरुस्त केलेला पहिला अख्खा अकॉर्डियन आज कारखान्याच्या मालकीणबाईंनी वाजवून पाहिला. अख्खा म्हणजे काय ते तुला कळायला हवं. उजव्या हाताला एकेचाळीस पट्ट्या. प्रत्येक पट्टीखाली दोन सूर, आणि भाता ओढताना वाजणारी पोलादी जीभ वेगळी, दाबताना वाजणारी वेगळी. झाल्या की नाही एकशे चौसष्ट जिभा? दिवसभर मी त्याच घासत असते. टोक घासलं की सूर चढतो, मूळ घासलं की उतरतो. गंमत म्हणजे जोडीतले दोन सूर तंतोतंत जुळवायचे नसतात. एक केसभर वर ठेवायचा, तरच आवाजात ती थरथर येते. केसभर म्हणजे किती, ते बाईंच्या कानाला कळतं, आणि आता थोडंथोडं माझ्याही.

तर बाईंनी डोळे मिटून पाच मिनिटं वाजवलं, भाता मिटला, पट्टा लावला आणि म्हणाल्या, “नॉट बॅड.”

बस्स! वाईट नाही! आणि कालच भातेवाल्यानं नवा भाता करून दाखवला, तर त्याला “क्वाइट गुड”! भातेवाला म्हणजे इथला दुसरा कारागीर. दारातून वाकून येतो इतका उंच, आणि भात्याच्या घड्यांना चामड्याचे कोपरे लावतो. म्हणजे तो चांगला, आणि मी नुसती वाईट नाही? आता मी नाचू की रडू ते तू सांग. आपल्या घरातली इंग्रजी म्हणजे तू.

आणि हे सांग, या देशातली माणसं सारखी घाबरतात का? परवा बाई म्हणाल्या, “आय’म अफ्रेड द वॅक्स इज फिनिश्ड.” जिभा चिकटवायचं मेण संपलं, त्यात घाबरायचं काय? मी त्यांचा हात धरला आणि म्हटलं, “डोन्ट बी अफ्रेड.” भातेवाला हातातलं काम टाकून बाहेर गेला आणि भिंतीला टेकून हसत राहिला.

माझ्या परीक्षेचे सहा महिने ३१ मार्चला संपतात. मग बाई ठरवणार, ठेवायचं की नाही. आत्या, खिडकीजवळची ही जागा मला हवी आहे. बाबांच्या दुकानात बाजाच्या पेट्या उघडता उघडता जे कान तयार झाले, त्यांना इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या तोलाचं काम मिळालंय.

तुझी,
खारू


१३ फेब्रुवारी

चि. खारूस,

अनेक आशीर्वाद आणि सोबत एक चापट.

नाच! आत्ताच्या आत्ता नाच! अगं, ज्या माणसाच्या तोंडून कौतुक गाळणीतून गाळून येतं, त्याचं ‘नॉट बॅड’ म्हणजे आपल्याकडची पाठीवरची थाप. आणि ‘क्वाइट गुड’वर त्या उंच माणसानं फार उड्या मारू नयेत. आमचे साहेब माझ्या मसुद्याला क्वाइट गुड म्हणाले, की मी गपचूप टाइपरायटरमध्ये नवा कागद चढवायची. क्वाइट गुड म्हणजे ‘बरंय की’. शब्द चांगला आणि माप कमी.

‘आय’म अफ्रेड’ म्हणजे भीती नव्हे. ‘सांगायला बरं वाटत नाही, पण...’ एवढाच त्याचा अर्थ. नशीब, तू त्यांना अंगारा लावला नाहीस.

आणखी एक. ‘आय वॉन्ट’ कधी म्हणायचं नाही. त्याचा अर्थ ‘मला पाहिजे!’, तोही पाय आपटून. ‘आय वुड लाइक’ म्हण. मागणं तेच, फक्त पाय न आपटता. हे कागदावर लिहून आरशाला चिकटव.

पोरी, इंग्रजीत दोन वाक्यं जुळ्या बहिणींसारखी दिसतात आणि एक घर बांधते, दुसरी मोडते. मी तीस वर्षं कचेरीत साहेबांची पत्रं टाइप केली आणि चार वर्षांपूर्वी स्वखुशीनं निवृत्त झाले. त्या काळात असल्या जुळ्या इतक्या पाहिल्या की अंधारातसुद्धा ओळखीन. तेव्हा यापुढे बाई जे बोलतील ते जसंच्या तसं मला लिहून पाठव. तुझा अर्थ घालू नकोस. अर्थ मी बघते. तुझी ती खिडकीजवळची जागा आपण दोघी मिळून मिळवू!

तुझी,
आत्या


२४ फेब्रुवारी

ती. आत्यास,

तुझ्या चापटीसह आशीर्वाद पोचले. आरशाला चिठ्ठी लावली आहे. रोज सकाळी दात घासताना ‘आय वुड लाइक’ म्हणते, आणि मग दिवसभर दुसऱ्यांच्या जिभा घासते.

आता ऐक! काल फार म्हणजे फारच छान झालं. पाच वाजता मी हत्यारं पुसत होते, तर बाई स्वतःचं स्टूल ओढून माझ्या बाकाशी येऊन बसल्या. पाच महिन्यांत पहिल्यांदा! म्हणाल्या, तुझे वडील मेणात राळ किती घालायचे? मी म्हटलं, थंडीत कमी. म्हणाल्या, हो ना, मीही तेच म्हणते, पण कुणी ऐकत नाही. मग बाबांविषयी विचारलं, तुझ्याविषयी विचारलं, घरी कोणकोण असतं, एकटी राहायला जड जातं का, सगळं सगळं. मी तोडकंमोडकं बोलत होते आणि त्या मान हलवत होत्या. अर्धा तास!

तू सांगितलंस म्हणून त्यांचं शेवटचं वाक्य जसंच्या तसं लिहिते. घड्याळाकडे बघून त्या उठल्या, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, “वेल, आय’ल लेट यू गो.”

मी थँक यू म्हटलं आणि घरी आले. येताना रस्त्यात शीळ घातली. बाबा असते तर ओरडले असते.

तुझी,
खारू


३ मार्च

चि. खारूस,

आशीर्वाद. आधी बस. खुर्ची घट्ट धर.

अगं वेडे, तुला काढून टाकलं!

‘लेट यू गो’ म्हणजे घरी जा नव्हे गं, घरी बस! हे तीन शब्द मला विचार. तीस वर्षांत मी असली शंभरावर पत्रं टाइप केली असतील. ‘वी आर सॉरी टू लेट यू गो.’ कुणीही कधी ‘काढतो’ असं लिहीत नाही. ‘सोडतो’ म्हणतात, जसा काही समोरचाच दोरीला हिसडे देत होता. आणि आधीची ती अर्धा तास चौकशी! घरी कोणकोण, जड जातं का! आमचे साहेबही असंच करायचे. आधी मुलाबाळांचं विचारायचे, मग खांद्यावर हात. त्या हाताचं वाचलं आणि लगेच लिहायला बसले.

रडू नकोस. रडलीस तरी त्यांच्यापुढे नको. ३१ तारखेला त्यांनी दार दाखवावं आणि आपण मान खाली घालून निघावं, हे आपल्या घराला शोभत नाही. आपणच आधी बोलायचं. उद्या सरळ त्यांच्यापुढे उभी राहा आणि म्हण, “मॅडम, आय अ‍ॅम प्रिपेअर्ड टू लीव्ह, अँड आय थँक यू.” जायची माझी तयारी आहे आणि तुमचे आभार. एक शब्द इकडचा तिकडे करू नकोस. पाठ कर. मग दुसरीकडे काम बघ. तुझ्या कानाला गिऱ्हाइकांची कमी नाही.

मला फार संताप आलाय. पाच महिने राबवून घेतात, ‘नॉट बॅड’ म्हणतात, आणि मग हे!

तुझी,
आत्या


१२ मार्च

ती. आत्यास,

नमस्कार.

झालं. तू सांगितलंस तसं केलं, म्हणजे जवळजवळ तसं.

रस्ताभर वाक्य घोकत गेले. पण बाईंच्या समोर उभी राहिले आणि ‘प्रिपेअर्ड’ असा अडखळला की निघेच ना. बाई चष्म्यावरून बघतायत, भातेवाला बघतोय, मी घामाघूम. मग तुझी आरशावरची चिठ्ठी आठवली. म्हटलं, जे बोलायचं ते पाय न आपटता बोलू, आणि म्हणून टाकलं, “मॅडम, आय वुड लाइक टू लीव्ह.”

त्यांनी कानस खाली ठेवली. मग म्हणाल्या, “ओ. आय सी.” आणि थोड्या वेळानं, “इट्स अ पिटी.”

आत्या, मला त्यांची दया नकोय! काढायचं तर काढा, पण कीव कसली करता? मी पाठ फिरवून बाकावर जाऊन बसले आणि एक चांगली जीभ चुकून जास्त घासून टाकली. पाच महिन्यांत पहिलीच.

दुपारी भातेवाला डबा खाताखाता म्हणाला, “व्हाय आर यू लीव्हिंग अस?” याला काय सांगू? मला हाकलतायत, आणि हा मलाच विचारतो की तू आम्हाला का सोडतेस! मी म्हटलं, मॅडमना विचार. तो म्हणाला, त्यांनाच तर कळत नाहीये.

आज सकाळी कारखान्याच्या काचेवर पाटी लागली. ‘हेल्प वॉन्टेड.’ म्हणजे माणूस पाहिजे. वॉन्टेड, बघ! पाय आपटून!

ती पाटी ओलांडून आत जाणं फार जड जातं. मला ती जागा हवी होती गं, खरंच हवी होती.

तुझी,
खारू


तार, १९ मार्च

माय मिस्टेक. डोन्ट गो. लेटर फॉलोज. आत्या.


१९ मार्च

चि. खारूस,

तार मिळालीच असेल. आता सगळं नीट सांगते, पण घाईत लिहितेय, अक्षर सांभाळून घे.

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा तुझ्यावर चिडले. मी काय शिकवलं आणि ही काय बोलून आली! ‘प्रिपेअर्ड टू’ म्हणजे जायची तयारी आहे, आणि ‘वुड लाइक टू’ म्हणजे जायची इच्छा आहे. ध चा मा केलास! दुसऱ्यांदा ‘इट्स अ पिटी’पाशी अडखळले. अगं, ती कीव नव्हे. ‘आय पिटी यू’ म्हणाल्या असत्या तर कीव. ‘इट्स अ पिटी’ म्हणजे ‘अरेरे, वाईट झालं’. मग तिसऱ्यांदा वाचताना डोक्यात उजेड पडला. जिनं काढलंय ती ‘अरेरे’ कशाला म्हणेल?

तशीच चपला घालून खालच्या मजल्यावर गेले. तिथली दातांची डॉक्टरीण तिकडे सात वर्षं शिकायला होती. एक गृहस्थ आ वासून खुर्चीत पडले होते. म्हटलं, त्यांना राहू दे तसेच, आधी मला सांग, कुणी गप्पा मारून उठताना ‘आय’ल लेट यू गो’ म्हटलं तर काय? ती म्हणाली, “अहो काकू, काहीच नाही. ‘तुम्हाला कामं असतील, मी आता तुमचा खोळंबा करत नाही.’ आपण नाही का म्हणत, ‘चला, तुमचा वेळ घेत नाही’? तेच.” मी म्हटलं, मग काढून टाकताना म्हणतात ते? ती म्हणाली, “ते ‘वी हॅव टू लेट यू गो’. तेही कागदावर. स्टूल ओढून शेजारी बसून नव्हे.” खुर्चीतले गृहस्थसुद्धा तसल्या तोंडानं मान हलवत होते.

अति शहाणी, तिचा बैल रिकामा! तुझी बाई तुझ्याजवळ मायेनं येऊन बसली, आणि मी तिला आमचा साहेब करून टाकलं.

आता खरं ते सांगते, कारण नाहीतर तू विचारशील की आत्या, तुला दुसरा अर्थ सुचलाच कसा नाही.

मी स्वखुशीनं निवृत्त झाले नाही. त्या दिवशी साहेबांनी अर्धा तास घरची चौकशी केली आणि मग मजकूर सांगायला लागले. मी नेहमीसारखी लघुलेखनाची वही घेऊन बसले. ‘वी आर सॉरी टू लेट यू गो.’ मी विचारलं, सर, नाव कुणाचं घालू? ते खिडकीबाहेर बघायला लागले. मी मशीनपाशी गेले, पत्र टाइप केलं, एकही खाडाखोड न करता, आणि सहीसाठी त्यांच्यापुढे ठेवलं. घरी येऊन तुम्हा सगळ्यांना सांगितलं, सुटले बाई एकदाची, आणि सगळ्यांना सिनेमाला घेऊन गेले. तू म्हणालीस, आत्या आज किती हसते! आठवतंय?

तेव्हापासून ते शब्द दिसले की मला एकच अर्थ दिसतो. माझं दुखणं मी तुझ्या पत्रात वाचलं, आणि तुझी चांगली लागलेली जागा घालवायला निघाले. मला माफ कर. लगेच जा आणि म्हण, “आय वुड लाइक टू स्टे.” पाय आपटायचे तर तेही आपट!

तुझी,
आत्या


२६ मार्च

ती. आत्यास,

साष्टांग नमस्कार. हे पत्र शेवटपर्यंत वाच. मध्येच किंचाळू नकोस आणि डॉक्टरणीकडे धावू नकोस.

आधी तुझी तार. २० तारखेला सकाळी मी बूट घालत होते तेव्हा आली. ‘डोन्ट गो.’ आता तूच सांग, बूट घालत असलेल्या माणसाला ‘जाऊ नकोस’ म्हटलं तर त्यानं काय करावं? मी बूट काढून ठेवले. म्हटलं, कारखान्यात काहीतरी भयंकर आहे आणि ते आत्याला तिथं बसून कळलंय. आणि घरी बसले. सहा दिवस! ‘नोकरी सोडू नकोस’ असं तुला म्हणायचं होतं, ते मला आज कळतंय. दोन शब्दांत घर बांधते ती कोण आणि मोडते ती कोण, गं?

तिसऱ्या दिवशी भातेवाला येऊन दार वाजवून गेला. मी उघडलं नाही, कारण काय बोलायचं ते तू कळवलं नव्हतंस. पाचव्या दिवशी ट्रंक भरायला घेतली. आणि आज सकाळी तुझं पत्र आलं.

जिन्यात उभ्यानंच वाचलं. साहेबांच्या खिडकीपर्यंत आले आणि पायरीवरच बसले. आत्या, सिनेमा मला आठवतो. तू इतकी हसत होतीस की पुढच्या रांगेतला माणूस वळून बघत होता. चार वर्षं तू हे एकटीनं गिळून बसलीस, आणि आम्ही तुला निवृत्तीबद्दल शाल दिली! माफी कसली मागतेस? त्या साहेबाला नाव विचारलंस ना तू? त्याला ते तोंडानं सांगता आलं नाही, आणि तू मात्र न चुकता टाइप केलंस. मला तुझा इतका अभिमान वाटला, आणि इतका राग आला, की तिथंच ओक्साबोक्शी रडले. पुन्हा असलं काही आमच्यापासून लपवलंस तर तुझी माझी कट्टी.

डोळे पुसून खोलीत आले, बूट शोधायला लागले, एक सापडला, आणि दार वाजलं.

मालकीणबाई! तीन जिने चढून! गुडघ्यांमुळे कारखान्यातल्या माळ्यावरसुद्धा त्या चढत नाहीत, आणि इथं दारात उभ्या, धापा टाकत. मी खोलीतली एकुलती एक खुर्ची दिली. त्यांनी अर्धी भरलेली ट्रंक बघितली, माझ्या एका पायातला बूट बघितला. मग म्हणाल्या की पाटीला तीन जणी आल्या होत्या. तिघींनी जोडीतले दोन्ही सूर अगदी तंतोतंत जुळवले. थरथर सगळी गेली.

आणि मग माझ्याकडे न बघता, टोपी हातात चुरगाळत म्हणाल्या, “वुड यू माइंड स्टेइंग?”

आत्या, ‘येस’ माझ्या ओठांवर आलं होतं! सहा महिने मी या बाईंना येस सोडून दुसरं काही म्हटलेलं नाही. तोंड उघडलं, आणि तेवढ्यात म्हटलं, थांब खारे, एकदा घात झालाय, उचलली जीभ लावली टाळ्याला असं करू नकोस. तुला विचारायला वेळ नव्हता. म्हणून मी तेच वाक्य मनातल्या मनात आपल्या भाषेत मला विचारलं. ‘माइंड’ म्हणजे हरकत. राहायला तुझी काही हरकत आहे का?

आणि उत्तर आपोआप आलं. मी एवढ्या जोरात ओरडले की शेजारच्या खोलीतली बाई दार उघडून बाहेर आली.

“नो!”

मालकीणबाई दचकल्या. गेले दोन आठवडे आमच्यात जे झालं त्यानंतर त्यांचाही माझ्या इंग्रजीवर भरवसा उरला नसावा. खुर्चीतून पुढे वाकून, एकेक शब्द सुटा करत त्यांनी विचारलं, “नो, तू राहणार नाहीस? की नो, तुझी हरकत नाही?”

माझ्याजवळचं इंग्रजी संपलं होतं. मी खाटेखालून दुसरा बूट ओढून काढला, पायात घातला आणि नाडी बांधायला लागले. बाई बघत राहिल्या. मग त्यांनी टोपी डोक्यावर चढवली आणि मला उठायला हात पुढे केला.

खिडकीजवळची जागा माझी झाली, आत्या, कायमची! मी ‘नो’ म्हटलं, आणि मला ठेवून घेतलं!

तुझी,
खारू